दोन अल्ट्रामध्ये (मॅरेथॉनहून लांब पळण्याच्या शर्यती) फक्त 21 दिवस. पळू की सोडू?

तापीकाठचा (यावल):
राम राम मंडळी. डोंगरातली 50 किलोमीटर संपवून आज 9 दिवस झाले. लागले 8 तास 10 मिनिटं. अजून 12 दिवसांनी 65 ची आहे, फी भरून बसलोय. दोन्हींत नाव टाकताना कॅलेंडर बघितलंच नाही, बायको बोलते ते खोटं नाही.

सपाटीवर काही दुखत नाही. काल पाटाच्या कडेनं 6 किलोमीटर हळूहळू पळालो, मजेत. पण विहिरीच्या पायऱ्या उतरताना मांड्या पुढून अशा धरतात की भिंतीला हात टेकावा लागतो. चढताना काही नाही. सकाळची नाडी एरवी 52, आता 60 च्या खाली येत नाही. आराम तर पूर्ण चालू आहे. केळीची कटाई सुरू आहे, तेवढं सोडलं तर दिवसभर बसूनच. काय करू भो?

लळिंगवाला (धुळे):
"तेवढं सोडलं तर" म्हणजे? घड कोण उचलतंय?

तापीकाठचा:
मजूर मिळेना. रोज पन्नासेक घड मीच ट्रॅक्टरपर्यंत नेतो. एकेक 20-22 किलोचा.

लळिंगवाला:
मग भाऊ, तू आराम केलाच नाहीस. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, तंतूंना मार बसतो तो त्यातच. हे दुखणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जाऊन उतरायला लागतं. तुझं नवव्या दिवशीही आहे, कारण खांद्यावर घड घेऊन बांध उतरणं म्हणजे तीच शर्यत रोज थोडी थोडी.

माझं सांगतो. चार आठवड्यांत दोन केल्या होत्या. दहाव्या दिवशी मांड्या मोकळ्या वाटल्या म्हणून लळिंग किल्ला चढून उतरलो. टाचेमागची शीर (रक्ताची नाही, स्नायूला हाडाशी बांधते ती) सुजली, पाच महिने गेले. शिरेला रक्त कमी मिळतं, ती स्नायूपेक्षा सावकाश भरते, आणि दुखून सांगतेही उशिरा.

जळगावची ताई (फिजिओ):
शर्यतीत दुखण्याची गोळी घेतली होती का?

तापीकाठचा:
38 व्या किलोमीटरला एक. मित्रानं दिली.

जळगावची ताई (फिजिओ):
पुन्हा नको. अंगात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. मोठ्या शर्यतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना, नारळपाण्यावर भागवू नका.

आता पाच दिवस घड बंद, पळणंही बंद. संध्याकाळी सपाटीवर चाला, रात्री नऊला आडवे व्हा. पावडरींचे डबे नकोत, फुनके-कढी खा, तूरडाळीतही प्रथिनंच असतात. नाडी 54-55 वर आली आणि पायऱ्या हात न टेकता उतरलात, तरच दोन छोट्या धावा. शर्यतीच्या तीन दिवस आधीही मांडी धरत असेल तर फीवर पाणी सोडा.

लळिंगवाला:
आणि गेलासच तर उतार चालत उतर. कुणी हसलं तर हसू दे.

तापीकाठचा (चार दिवसांनी):
चोपड्याहून चुलतभाऊ आलाय कटाईला, मी नुसता घड मोजतो. नाडी 56. विहिरीला बारा पायऱ्या आहेत, परवा चौथीला हात टेकला होता, आज नवव्या पायरीला.