मेडिकल बिल परत आलं, तातडीने मदत हवी आहे

चौथीब: फाइल पुन्हा परत आली. शेरा एवढाच, ‘त्रुटी पूर्ततेसाठी’. कसली त्रुटी ते लिहायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. सरकारकडून खर्च परत मिळावा म्हणून टाकलेलं अँजिओप्लास्टीचं बिल आहे, सगळे कागद मूळ प्रतीत जोडलेत. कुणी मंजूर करून घेतलंय का? लवकर सांगा, मार्चएंड आलाय.

निवृत्तबाबू: राज्य, केंद्र की महामंडळ? पेशंट कोण? दवाखाना सरकारी की खाजगी?

चौथीब: जि. प. शाळा. दवाखाना खाजगी.

खडूफळा: अँजिओप्लास्टी १९ मार्च २००५ च्या जीआरमधल्या पाच गंभीर आजारांत येते. सत्तावीस आकस्मिक आजार वेगळे, त्यात घालू नका. जिल्हा शल्यचिकित्सकांची सही आहे ना? आमच्याकडे फाइल तिथेच झोपते.

चौथीब: सही आहे. पंचायत समितीतून परत आलीय.

कॅशलेस_करा: म्हणून मी सर्वांना सांगतो, स्वतःची पॉलिसी काढा. या प्रतिपूर्तीच्या, म्हणजे खर्च परत मागण्याच्या, नादी लागूच नका.

खडूफळा: ऑपरेशन होऊन गेलंय हो! आता पॉलिसी काढून काय करायचंय?

एनपीएसग्रस्त: बिलाचं काय घेऊन बसलात? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस आहे; त्यांच्या म्हातारपणाचं बघा. सरकारी नोकरी म्हणे!

निवृत्तबाबू: जाहिरात त्याआधीची असेल तर फेब्रुवारी २०२४ च्या जीआरने जुन्या पेन्शनचा विकल्प मिळाला होता.

एनपीएसग्रस्त: आमची जाहिरात २००८ ची. मिळाला तुमचा विकल्प.

फिरस्ता: महाराष्ट्र दर्शनाची प्रवास सवलत चार वर्षांतून एकदा असते ना? ताडोब्याला घेतलीय का कुणी? मे महिन्यात जायचंय.

निवृत्तबाबू: वेगळा धागा काढा. चौथीब, पेशंट कोण ते अजून सांगितलं नाहीत.

चौथीब: सासूबाई. त्याने काय फरक पडतो? माझ्याकडेच असतात.

निवृत्तबाबू: सगळा फरक तिथेच पडतो! महिला कर्मचाऱ्याला आईवडील किंवा सासूसासरे, एकच बाजू निवडता येते. सेवापुस्तकात कोणाची नोंद आहे? मिस्टर नोकरीत आहेत का?

चौथीब: मिस्टरांचं किराणा दुकान आहे. नोंद आईबाबांची, लग्नाआधीची. नंतर कार्यालयाने कधी विचारलंच नाही.

खडूफळा: विचारत नसतातच. आज विकल्प बदलायचा अर्ज द्या, सासूबाईंच्या अवलंबित्वाचा दाखला जोडा आणि फाइल पुन्हा टाका.

निवृत्तबाबू: उपचारानंतरचा विकल्प मागच्या बिलाला कसा चालेल? ऑडिटला आक्षेप निघेल. उगाच आशा लावू नका.

खडूफळा: आमच्या शाळा-केंद्रातल्या एका बाईंचं झालंय.

निवृत्तबाबू: झालं म्हणजे मंजूर झालं की पैसे आले? आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून त्रुटी लेखी घ्या. लेखी मागितलं की कधी कधी त्रुटीच गायब होते.

चौथीब: उद्या जाते. विकल्प अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर इथेच टाका, ग्रुपमध्ये जोडू नका मला.