केव्हीएम स्विचच्या सेटिंगचा बॅकअप आणि रिस्टोअर : तुमचे अनुभव लिहा

एकाच कीबोर्ड, मॉनिटर आणि माउसवर अनेक संगणक चालवायचे तर केव्हीएम स्विच लागतो. घरच्या टेबलावर दोन पोर्टांचा असतो, सर्व्हर रूममध्ये सोळा-बत्तीस पोर्टांचा, नेटवर्कवरून उघडणारा. मोठ्या स्विचमध्ये पोर्टांची नावं, कुणाला कोणता सर्व्हर दिसावा याचे हक्क, एलडॅपची (संस्थेच्या सामाईक खात्यांच्या यादीची) जोडणी, यूएसबी प्रोफाइल असं बरंच काही भरलेलं असतं. युनिट, म्हणजे हा स्विच, बंद पडलं की ते सगळं हातानं पुन्हा भरायचं म्हणजे अख्खा दिवस जातो.

बॅकअपचं बटण सगळ्यांना सापडतं. फाइल चढवल्यावर काय परत येतं, काय येत नाही आणि काय नको असताना येतं, हे मात्र मॅन्युअलमध्ये चार ठिकाणी विखुरलेलं असतं. म्हणून हा धागा. लिहिताना कंपनी आणि मालिका सांगा, आणि शक्यतो रिस्टोअरबद्दल, म्हणजे फाइल परत चढवण्याबद्दल, लिहा.

रॅकमित्र

रॅरिटनच्या डोमिनियन केएक्स मालिकेपासून सुरुवात करतो. मेंटेनन्स मेनूत बॅकअप/रिस्टोअर असं पान आहे. बॅकअप घेताना काही निवडायचं नसतं, तो नेहमी पूर्ण युनिटचाच होतो. निवड असते ती रिस्टोअरच्या वेळी, आणि गोंधळही तिथेच होतो.

फुल रिस्टोअर म्हणजे फाइलमध्ये आहे ते सगळं जसंच्या तसं. आयपी पत्ता, युनिटचं नाव, वापरणारे, त्यांचे पासवर्ड, सगळं. आत्ता चालू असलेला अ‍ॅडमिनचा पासवर्ड पुसला जातो आणि फाइल घेतली त्या दिवशीचा लागू होतो. तो दिवस दोन वर्षांपूर्वीचा असेल आणि तेव्हाचा पासवर्ड कुणाकडेच नसेल तर युनिट उत्तम चालतं, पण आत जाता येत नाही. म्हणून बॅकअप घेतला की त्याच दिवशीचा अ‍ॅडमिन पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये वेगळी नोंद करून ठेवा, नोंदीला फाइलचंच नाव द्या. नंतर पासवर्ड बदलला तरी ती जुनी नोंद खोडू नका.

प्रोटेक्टेड रिस्टोअरमध्ये आयपी पत्ता, नाव यांसारख्या त्या-त्या युनिटच्या गोष्टी सोडून बाकी सगळं येतं. एक युनिट नीट लावायचं आणि बाकीच्या चारांवर तीच मांडणी उतरवायची, यासाठी हा पर्याय आहे. बिघडलेल्याच्या जागी नवीन युनिट बसवतानाही मी हाच घेईन आणि आयपी हातानं भरेन. जुनं युनिट अजून रॅकमध्ये चालू असेल आणि नव्यावर फुल रिस्टोअर केलं, तर एकाच पत्त्याची दोन युनिटं नेटवर्कवर येतात. मग कधी हे उत्तर देतं, कधी ते, आणि रिस्टोअर फसलं असं वाटत राहतं.

तिसरा कस्टम. त्यात ‘वापरणारे व गट’ आणि ‘डिव्हाइस सेटिंग’ असे दोन भाग. पहिल्या भागात सर्टिफिकेट आणि त्याची खासगी किल्ली येत नाही, हे आधीच लक्षात असू द्या. दुसऱ्यात पॉवर पट्ट्यांच्या जोडण्या, यूएसबी प्रोफाइल, ब्लेड चेसिसची (अनेक पातळ सर्व्हर बसवलेल्या पेटीची) माहिती आणि पोर्टांचे गट येतात.

फुल रिस्टोअर करायचंच असेल तर युनिटच्या लोकल पोर्टला मॉनिटर-कीबोर्ड लावून, तिथे उभं राहून करा. विशेषतः युनिट डीएचसीपीवर असेल, म्हणजे आयपी पत्ता नेटवर्ककडून आपोआप घेत असेल, तर. रिस्टोअरनंतर पत्ता बदलला तर लोकल पोर्टवर तो लगेच दिसतो, लांबून शोधत बसावं लागत नाही.

नेटवर्कताई

रॅकमित्र, एक भर. केएक्स-२ ला मागे रीसेटचं बारीक छिद्र आहे. युनिट बंद करून टोकदार वस्तूनं बटण दाबून धरायचं, तसंच धरून युनिट चालू करायचं आणि आणखी १० सेकंद धरून ठेवायचं. पण त्यानं नेमकं काय पुसायचं हे आधी सिक्युरिटी सेटिंगमध्ये ठरवता येतं : सगळं कारखान्यातल्यासारखं, फक्त अ‍ॅडमिनचा पासवर्ड, किंवा काहीच नाही. मूळ सेटिंग पहिल्या पर्यायाचं असतं. सर्व्हर रूमला कुलूप असेल तर ते दुसऱ्यावर नेऊन ठेवा, म्हणजे पासवर्ड विसरला तरी पोर्टांची मांडणी जागेवर राहते. तिसरा पर्याय निवडला आणि पासवर्ड हरवला तर हे बटण काहीच कामाचं राहत नाही.

तिसरा मजला

अ‍ॅव्होसेंटच्या डीएसआर मालिकेत फाइल एक नसते, दोन असतात. हे ठाऊक नसलेले बरेच जण फक्त कॉन्फिगरेशन जपून ठेवतात. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये नेटवर्क, एसएनएमपी (लांबून देखरेख) वगैरे युनिटची सेटिंग असतात. वापरणाऱ्यांची खाती आणि हक्क दुसऱ्या फाइलमध्ये, यूजर डेटाबेसमध्ये. ती फाइल एन्क्रिप्ट होते, जपताना पासवर्ड मागते आणि चढवताना तोच द्यावा लागतो. दोन्ही एकाच वेळी घ्या, दोन्हींच्या नावात तीच तारीख घाला.

पोर्टांच्या नावांबद्दलही सांगायला हवं. या मालिकेत सर्व्हरला जोडणाऱ्या आयक्यू मोड्यूलमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या छोट्या डबीत, ओळख क्रमांक आणि सर्व्हरचं नाव साठवलेलं असतं. त्यामुळे मुख्य युनिट बदललं तरी डब्या त्याच असतील तर नावं परत दिसतात. उलट डबी बदलली की बॅकअप कितीही ताजा असो, त्या जागी नवीनच काहीतरी दिसतं. दोन सर्व्हरच्या डब्यांची अदलाबदल झाली तर नावंही डब्यांबरोबर जातात, आणि आपण चुकीचा सर्व्हर रीस्टार्ट करतो. रॅकची आवराआवर करताना डब्या सर्व्हरपासून काढूच नका. केबल काढायचीच तर स्विचच्या बाजूनं काढा.

एटेनवापरी

एटेनच्या केएन मालिकेतही तोच विचार आहे. केबल अडॅप्टर पोर्टची माहिती साठवतो, सर्व्हर दुसऱ्या पोर्टला हलवला तरी पुन्हा भरावं लागत नाही.

बॅकअपच्या पानावर पासवर्डची चौकट असते. ती रिकामी ठेवता येते, भरली तर रिस्टोअरला तोच पासवर्ड लागतो. हा लॉगिनचा पासवर्ड नव्हे, फाइलचा. तीन वर्षांनी फाइल उघडणारा माणूस वेगळा असतो आणि तो हटकून लॉगिनचाच पासवर्ड घालून बघतो. माझं मत : भराच, कारण फाइलमध्ये सगळ्या खात्यांची माहिती आहे, पण कुठे नोंदलाय ते टीमच्या पानावर लिहून ठेवा.

रीसेटचं बटण युनिट चालू असताना तीन सेकंदांहून जास्त दाबलं की सेटिंग मूळ पदावर येतात, पण वापरणाऱ्यांची खाती त्यानं पुसली जात नाहीत. पासवर्ड विसरलाय म्हणून ते बटण दाबलं तर पोर्टांची मांडणी जाते आणि पासवर्डाची अडचण तशीच राहते. खाती पुसायची तर वीज काढून, झाकण उघडून, मदरबोर्डवरचा जंपर जोडावा लागतो. जंपर कुठला ते आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघा. आणि बटण दाबून धरलेलं असताना युनिट चालू केलं तर तिसरंच घडतं, कारखान्यातलं जुनं फर्मवेअर, म्हणजे युनिटच्या आतलं सॉफ्टवेअर, परत येतं. एकाच बटणाची ही दोन कामं वेगळी आहेत.

मूळ पदावर आलेल्या युनिटला डीएचसीपी सापडला नाही तर पत्ता १९२.१६८.०.६० असतो. रॅरिटन केएक्स-२ चा १९२.१६८.०.१९२. लॅपटॉपला त्याच रांगेतला पत्ता देऊन, थेट केबल लावून उघडा.

घरूनकाम

माझ्यासारख्यांचं काय? दोन पोर्टांचा यूएसबी-एचडीएमआय स्विच आहे, वेब पान नाही, फाइल नाही. विजेचा अडॅप्टर बदलला की बझर परत वाजायला लागतो, हॉटकी (स्विचला हुकूम द्यायची कळ) बदललेली असते.

एटेनवापरी

घरूनकाम, फाइल नसली तरी नोंद घेता येते. एटेनच्या सीएस मालिकेतल्या अनेक डेस्कटॉप मॉडेलांत नोटपॅड उघडा आणि कर्सर आत ठेवा. नम लॉक दाबून धरा, उजवीकडच्या आकड्यांच्या पट्ट्यातलं वजा चिन्ह दाबून सोडा, मग नम लॉक सोडा. कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे लुकलुकले की हॉटकी मोड चालू झाला. आता एफ४ दाबा. स्विच स्वतः कीबोर्ड असल्यासारखा आपली सगळी सेटिंग नोटपॅडमध्ये टाइप करतो. ती फाइल जपून ठेवा, हाच तुमचा बॅकअप. परत भरणं मात्र हातानंच.

संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर तो मजकूर देवनागरीत, निरर्थक असा उमटतो, कारण स्विच फक्त कळा दाबतो, अक्षर कोणतं ते संगणक ठरवतो. आधी इंग्रजीवर या. त्याच मोडमध्ये एफ५ म्हणजे यूएसबी रीसेट. माउस अडकला तर आधी हेच करा, सेटिंग जात नाहीत. आर आणि एंटर मात्र सगळं मूळ पदावर नेतं. बझर बंद-चालू करायला बी. वजा चिन्ह नसलेला छोटा कीबोर्ड असेल तर नम लॉकऐवजी कंट्रोल-एफ१२ वर हा मोड नेता येतो, पण त्यासाठी एकदा तरी मोठा कीबोर्ड लावावा लागेल.

पडदाकर

घरूनकाम यांच्या यादीत ईडीआयडी घालायला हवं. मॉनिटर आपली ओळख, चालणारी रिझोल्यूशनं आणि रिफ्रेश रेट एका छोट्या तक्त्यात सांगतो, तोच ईडीआयडी. मूळ तक्ता १२८ बाइटांचा, एचडीएमआयला बहुधा जोड तक्ता धरून २५६. चांगले स्विच हा तक्ता साठवून प्रत्येक संगणकाला सतत दाखवत राहतात, म्हणजे आपण दुसऱ्या पोर्टवर गेलो तरी पहिल्याला मॉनिटर गेल्यासारखं वाटत नाही. रीसेट झाला की स्विच आपला मूळ तक्ता देतो. मग २५६०×१४४० चा मॉनिटर १९२०×१०८० वर येतो आणि दोष ग्राफिक्स कार्डाला दिला जातो. रीसेटनंतर पहिलं काम हे : मॉनिटर आधी चालू, मग स्विच, मग संगणक. ईडीआयडी शिकवायचं बटण किंवा हॉटकी असेल तर ती लगेच वापरा.

पायवाला

पायकेव्हीएम वापरणाऱ्यांसाठी. नेटवर्कवरून उघडणारा हा केव्हीएम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आर्च लिनक्स चालवतो आणि कार्ड खराब होऊ नये म्हणून फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवतो. बदल करायचा तर आधी आरडब्ल्यू ही आज्ञा, काम झालं की आरओ. ही दुसरी विसरली आणि वीज गेली तर कार्ड बिघडण्याचा धोका असतो.

जपायचं काय? बहुतेक सगळं इटीसी फोल्डरातल्या केव्हीएमडी या फोल्डरात आहे. ओव्हरराइड नावाची यामल (सेटिंग लिहायच्या साध्या मजकुराची) फाइल सगळ्यात महत्त्वाची, आपले सगळे बदल तिच्यात असतात. मेन नावाच्या फाइलला हात लावायचाच नाही, अपडेटमध्ये ती बदलते. शिवाय वेबचे पासवर्ड, व्हीएनसी आणि आयपीएमआय (लांबून जोडायचे दुसरे दोन मार्ग) यांचे वेगळे पासवर्ड, द्विस्तरीय लॉगिनचं गुपित, ईडीआयडीची हेक्स फाइल, आणि एनजिनेक्स या वेब सर्व्हरचं सर्टिफिकेट व किल्ली. स्थिर आयपी असेल तर सिस्टिमडीच्या नेटवर्क फोल्डरातली फाइलही घ्या, ती केव्हीएमडीच्या बाहेर आहे म्हणून हमखास राहून जाते. सगळं टार करून, म्हणजे एका फाइलमध्ये बांधून, दुसऱ्या संगणकावर ओढा. आकार इतका लहान की दर बदलानंतर घ्यायला हरकत नाही.

अख्ख्या कार्डाची इमेजही (हुबेहूब प्रत) घेता येते, रास्पबेरी पाय बंद करून. पण त्यात इन्स्टॉलच्या आयएसओ फायलींचा भाग पण येतो, तो नको असतो. आणि दोन कंपन्यांची १६ जीबी कार्डं नेमकी एकाच आकाराची नसतात. नवीन कार्ड थोडंसं लहान निघालं तर इमेज शेवटाला अडकते. मी फायलींचा बॅकअप आणि ताजी इमेज हाच मार्ग सांगेन.

परत चढवताना संपूर्ण फोल्डर डोळे मिटून वर टाकू नका. आवृत्ती पुढे गेलेली असेल तर जुनी मेन फाइल नव्या प्रोग्रामला चालत नाही. आपल्या फायली तेवढ्या टाका, मालक आणि परवानग्या शेजारच्या फायलींशी ताडून बघा, मग केव्हीएमडी ही आज्ञा वजा-एम जोडून चालवा. ती एकत्र केलेली सगळी सेटिंग छापते, आणि यामलमध्ये कुठे चूक असेल तर तिथेच थांबते. यामलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच लागतात. वॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केलेला तुकडा चिकटवला की बहुतेक इथेच गाडी अडते. ताज्या इमेजनं एसएसएचची (लांबून आज्ञा द्यायच्या सुरक्षित जोडणीची) किल्ली नवीन बनते, त्यामुळे लॅपटॉप ‘ओळख बदलली’ असा इशारा देतो. जुनी नोंद काढून पुढे जा.

नेटवर्कताई

रिस्टोअर ‘यशस्वी’ असा संदेश आला तरी एक गोष्ट आधी बघा, घड्याळ. नवीन युनिटचं घड्याळ काही वर्षं मागे असू शकतं. तसं असेल तर सर्टिफिकेट ‘अजून लागू नाही’ ठरतं, ६३६ या नेटवर्क पोर्टवरचा सुरक्षित एलडॅप जोडला जात नाही, आणि सगळे पासवर्ड चुकीचे असल्यासारखे दिसतात. एनटीपीचा, म्हणजे नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता भरा, वेळेचा पट्टा +५:३० आहे ना ते बघा, मगच एलडॅपला हात घाला. एलडॅप सर्व्हर नावानं भरलेला असेल तर डीएनएसही (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आधी चालू हवा. आणि एक लोकल अ‍ॅडमिन खातं कायम ठेवा, एलडॅप गेल्यावर आत जायला तोच रस्ता उरतो.

रॅकमित्र

फाइल ठेवायची जागाही ठरवून घ्या. ज्या फाइल सर्व्हरचा कन्सोल याच केव्हीएमवरून उघडतो, त्याच्यावरच एकुलती एक प्रत असेल तर दोन्ही एकदम बंद पडल्यावर हाती काही राहत नाही. एक प्रत तिथे, एक रॅकबाहेर.

नावात मॉडेल, फर्मवेअर आवृत्ती आणि तारीख हवी. नव्या फर्मवेअरवर घेतलेली फाइल जुन्या फर्मवेअरचं युनिट बहुधा नाकारतं. त्यामुळे बदली युनिट आलं की आधी फर्मवेअर जुळवायचं, मग फाइल. फर्मवेअर चढवण्याआधी एक बॅकअप आणि चढवल्यानंतर, सगळे पोर्ट उघडून बघितल्यावर, दुसरा. पहिला लगेच काढून टाकू नका. नवीन फर्मवेअर त्रास देऊ लागलं आणि मागे यायची वेळ आली तर तोच लागतो.