मदत हवी आहे: पुढचे शॉकअप खरंच गेले का, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, नागपुरातून लिहितोय. गाडी 2015 ची पेट्रोल हॅचबॅक, 78 हजार किमी झालेत, रोज मानेवाड्याहून बुटीबोरीला जाणं-येणं. महिनाभरापासून स्पीडब्रेकरवर आणि सिमेंट रोड संपून डांबरी लागतो त्या उंचवट्यावर डाव्या बाजूनं खट्ट असा आवाज येतो, आणि वर्धा रोडवर जोरात ब्रेक मारला की गाडीचं तोंड आधीपेक्षा जास्त खाली जातं.

मेकॅनिक म्हणतो दोन्ही स्ट्रट (म्हणजे पुढचे शॉकअपच) बदला. पण त्यानं गाडी नुसती चालवून पाहिली, चाक उचलून काहीच बघितलं नाही, म्हणून मन मानत नाही.

मी घरी बोनेटचा कोपरा दाबून सोडला, उजवी बाजू एकदा वर येऊन थांबते, डावी दोन-तीनदा हलत राहते. डाव्या स्ट्रटवर तेल ओघळून धूळ चिकटलेली दिसते, नुसता ओलसरपणा नाही, चांगला चिकट थर आहे. त्या बाजूचा टायरही हात फिरवला तर खड्डे-खड्डे लागतो.

आवाज लिंक रॉडचा (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी) किंवा स्ट्रट वर बॉडीला बसतो त्या माउंटिंगचाही असू शकतो ना? स्टिअरिंग फिरवताना मात्र काही कटकट नाही. उजवा स्ट्रट चांगला असला तरी जोडीनंच बदलायचे हे मला पटतं, पण माउंटिंग आणि तिथलं बेअरिंगही सोबतच घ्यायचं का? अलाइनमेंट तर करणारच आहे.

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन अमरावतीला जायचंय, अशी गाडी हायवेवर न्यायची हिंमत होत नाही. कुणी हे काम करून घेतलं असेल तर प्लीज सांगा.