मदत हवी आहे : तिलारीचं धरण आणि कर्लीची खाडी, दोन्ही पाण्यांसाठी एकच ट्रोलिंग मोटर (होडीला लावायची, बॅटरीवर चालणारी) कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

प्रश्न बाबांच्या होडीचा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण दुकानात विचारलं की फक्त होडीची लांबी विचारतात आणि "पंचावन्न पौंडांची घ्या" (म्हणजे तेवढ्या रेट्याची, ढकलण्याच्या जोराची) म्हणून मोकळे होतात. तसं एकदा घेऊन झालंय. दुसऱ्यांदा चुकायचं नाही.

आम्ही कुडाळ तालुक्यात, कर्लीच्या काठाला राहतो. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. नोकरी सांभाळून जन्मभर त्यांनी हौसेने गरवलं, जाळं कधी हातात घेतलं नाही. नारळी पौर्णिमा झाली की होडी पाण्यात, ती पार पावसाच्या तोंडापर्यंत. खाडीत तांबोशी आणि गोबऱ्याच्या मागे, आणि मार्चपासून अधूनमधून तिलारीच्या धरणावर मरळीसाठी. तिथे संस्थेची रीतसर परवानगी घेऊनच जातो. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वल्हं मारायला साफ मनाई केली. पेट्रोलचं इंजिन त्यांना नको आहे. आवाजाने मासा बुजतो हे एक, आणि धरणाच्या पाण्यात तेलाचा थेंबही पडू नये हे दुसरं. हे दुसरं कारण मला स्वतःला पहिल्यापेक्षा जास्त पटतं.

होडी फायबरची, १४ फूट लांब, मधोमध साडेचार फूट रुंद. मागची बाजू सपाट आहे, तिथेच मोटर अडकवतो. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आपल्याकडच्या होड्यांसारखी उंच आणि निमुळती, त्यामुळे पुढे मोटर बसवायला सपाट जागाच नाही. रिकामी होडी साधारण १६० किलो. आम्ही दोघं, कधी माझा मुलगा, बर्फाची पेटी, नांगर, दोर, बॅटरी, सगळं धरून ४५० किलोपर्यंत जातं.

आता नेहमीचा हिशोब असा की शंभर पौंड वजनामागे दोन पौंड रेटा. ४५० किलो म्हणजे हजार पौंडांच्या आतबाहेर, म्हणजे वीस पौंड पुरायला हवेत. आमची जुनी मोटर १२ व्होल्ट, ५५ पौंडांची होती. कागदावर गरजेच्या अडीचपटीहून जास्त. तरी ती दोन्हीकडे कमी पडली, आणि दोन्हीकडे वेगळ्या कारणाने.

तिलारीचं आधी सांगते. एप्रिलमधली गोष्ट. सकाळी पाणी आरशासारखं होतं, मोटर अर्ध्या वेगाला ठेवून आम्ही काठाकाठाने दूरवर गेलो. दुपारी दोनच्या सुमारास वारा उठला. परत फिरलो तेव्हा वारा समोरून. मोटर पूर्ण वेगात, आणि काठावरचं एक वाळकं झाड मी नजरेत धरलं होतं, ते जागचं हलेना. बाबा पुढे बसलेले, त्यामुळे लाट आली की मागची बाजू उचलली जायची, पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता फेस काढायचा. दांडा ३० इंचांचाच होता. मग जळका वास आला. बॅटरी मधोमध ठेवलेली, तिथून मोटरपर्यंत घरच्या वायरिंगची ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि मध्ये भिंतीतल्या सॉकेटला लावतो तसला तीन पिनांचा प्लग. ज्यांच्याकडून मोटर घेतली त्यांनीच हे जोडून दिलं होतं. प्लगचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडून पितळी पिनांभोवती पाकासारखं ओघळलं होतं. मोटर बंद केली. एक वल्हं मी घेतलं, दुसरं बाबांनी उजव्या हाताने. दोन तास लागले काठ गाठायला. बाबांचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता, तोंडातून मात्र शब्द नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "वल्ह्याक चार्जिंग लागना नाय गो." ते मला फार लागलं, कारण मोटर आणायचा हट्ट माझाच होता.

खाडीत वेगळंच झालं. मोटर गोड्या पाण्यासाठीची होती, पण "खाडीत पण चालते, वापरल्यावर धुवून ठेवा" असं सांगून दिलेली. मी दर वेळी धुतली. दुसऱ्या हंगामात आवाज बदलला, घरघर यायला लागली. पंख्याचा नट सोडून पंखा ओढून काढला तर त्याच्यामागे दांड्याभोवती हिरव्या वेणीदार दोऱ्याची करंगळीएवढी जाड रिंग बसली होती, इतकी घट्ट की ब्लेडने कापून काढावी लागली. तो दोरा आतल्या रबरी सीलमध्ये रुतत गेला होता. मोटरचं नळकांडं उघडलं तेव्हा आतून गंजाचं तांबडं पाणी आलं. खालचा ॲल्युमिनियमचा भाग पांढऱ्या पिठासारखा भुसभुशीत झाला होता, नखाने टोकरलं तरी निघत होता.

तर आता विचारायचं ते असं. खाऱ्या पाण्याची मोटर गोड्या पाण्यात चालते, उलट चालत नाही, एवढं मला कळलंय. म्हणजे घ्यायची ती खाऱ्या पाण्याचीच, उदाहरणार्थ मिन कोटाच्या रिपटाइड मालिकेतली किंवा त्या जातीची दुसरी. पण रेटा किती? १२ व्होल्ट ५५ पौंडांवरच राहून वायर आणि बॅटरी सुधारावी, की २४ व्होल्ट ८० पौंडांवर जावं? ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास खेचते, ८० पौंडांची २४ व्होल्टवर ५६ च्या आसपास, म्हणजे वीज दुपटीहून जास्त. त्याच प्रमाणात काही मिळतं का? दांडा ३६ इंच पुरेल की ४२ घ्यावा? मागच्या फळीचा वरचा काठ माणसं बसल्यावर पाण्यापासून ११ इंचांवर येतो.

आणि बॅटरी. आतापर्यंत घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर नेत होतो. तिचं वजन ५५ किलोच्या वर, उचलायला दोन माणसं, आणि होडी कलली की ॲसिडची भीती. लिथियम फॉस्फेट घ्यायची तयारी आहे. सगळं मिळून सव्वा लाखाच्या आत बसवायचं आहे.

जीपीएसने एका जागी उभ्या राहणाऱ्या मोटरी कृपया सुचवू नका. त्या बहुतेक पुढे बसवायच्या असतात आणि आमच्या खिशाबाहेरच्या आहेत.

प्रतिसाद

ताई, आधी वायरचं बोलतो, कारण तुमची बरीच ताकद तिथेच जळत होती. बॅटरी ते मोटर ३ मीटर धरले तर जाऊन-येऊन ६ मीटर तांबं. ४ चौरस मिलिमीटरमधून ५० अँपिअर गेले की त्यातच १.३ व्होल्ट पडतात, म्हणजे ६५ वॅट नुसते वायर तापवण्यात. वर तो प्लग. तो १६ अँपिअरचा असतो, त्यातून तिप्पट करंट नेल्यावर वितळणारच. १६ चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा दिलेली मरीन केबल घ्या. व्होल्ट पडणं पाव भागावर येईल. बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा डीसी सर्किट ब्रेकर हवा. घरातल्या एसी विजेचा एमसीबी (छोटा ब्रेकर) तिथे लावू नका, बॅटरीच्या डीसी विजेची ठिणगी त्याला तोडता येत नाही.

ट्युब्युलरवरचे १५० अँपिअर-तास हे वीस तासांत हळूहळू काढले तर मिळणारे. ५० अँपिअरने ओरबाडले तर त्यातले बरेच हाती लागत नाहीत, आणि निम्म्याखाली उतरवली तर बॅटरीचं आयुष्य जातं. १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट १२ किलोच्या आसपास असते आणि तिच्यातले ऐंशी-नव्वद टक्के बिनधास्त वापरता येतात. शिवाय शेवटपर्यंत व्होल्टेज टिकतं, संध्याकाळी परतताना मोटर मलूल होत नाही. घेताना आतल्या बीएमएसची (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटची) सलग करंट द्यायची क्षमता विचारा, १०० अँपिअर असलेली घ्या. आणि चार्जर लिथियमचाच. इन्व्हर्टरवर ती बॅटरी चार्ज करू नका.

पाच पायऱ्यांच्या गिअरची मोटर टाळा, वेग सलग कमी-जास्त होणारी घ्या. होडी ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाने वाढते. म्हणून अर्ध्या वेगाला वीज अर्धी नाही, त्याहून कितीतरी कमी लागते. पायऱ्यांच्या मोटरीत ही बचत बरीचशी वाया जाते.

प्रतिसाद

देवगडहून लिहितोय. माझ्याकडे १५ फुटी होडीवर आधी ५५ होती, आता २४ व्होल्ट ८० आहे. वेगाच्या आशेने ८० घेऊ नका. या मोटरींचा पंखा हळू आणि जोराने ढकलण्यासाठी बनवलेला असतो, शांत पाण्यात दोन्हींत ताशी किलोमीटरभराचाही फरक मला दिसला नाही. फरक पडतो तो समोरच्या वाऱ्यात, जिथे ५५ उभी राहते आणि ८० रांगत का होईना पुढे जाते. तुमचा तिलारीचा प्रसंग वाचून सांगतो, मोठ्या धरणावर जात असाल तर ८० घ्या.

दांडा ४२ घ्या. पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली निदान सहा इंच, शक्यतो नऊ इंच हवं. जास्तीचा दांडा वर ओढून ठेवता येतो, कमी पडलेला वाढवता येत नाही. आणि बॅटऱ्या पुढे सरकवायचा मोह आवरा. बाबा पुढे बसत असतील तर त्या मधल्या फळीच्या मागे ठेवा, मागची बाजू खाली राहील.

वारा जोरात असेल तेव्हा मोटर उलट फिरवून होडीची सपाट बाजू वाऱ्याकडे करून चालवून बघा. तेव्हा मोटर ढकलत नाही, ओढते, आणि होडीचं तोंड भरकटत नाही. अगदी हळू जायचं आणि लाट लहान असली तरच. मोठ्या लाटेत मागून पाणी आत येईल.

खाडीसाठी मात्र वेगळं सांगतो. उधाणाच्या ओहोटीत मधले दोन तास पाणी सगळ्यात जोरात धावतं. त्याच्याशी ८० काय, ११२ पौंडांनीही भांडू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे भरतीबरोबर वर जा, पाणी फिरलं की त्याच्याबरोबर खाली या. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, तेव्हा हवं तिथे फिरा. तुमच्या बाबांना हे माझ्याहून जास्त ठाऊक असणार. मोटर आली की माणूस तिथी बघायचं विसरतो, म्हणून लिहिलं.

एक राहिलं. झिंकचा ॲनोड, म्हणजे मोटरीऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, गोड्या पाण्यात वापरला की त्यावर थर धरतो आणि तो काम करेनासा होतो. तुम्ही दोन्ही पाण्यांत नेणार, तेव्हा त्या मोटरीसाठी ॲल्युमिनियमचा ॲनोड मिळतो का ते विचारा. निम्मा झिजला की बदलायचा, त्याला रंग लावायचा नाही. आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी पंखा काढून मागे दोरा अडकलाय का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. वायरच्या हिशोबाला त्यांनी मान डोलावली. पण तिथीचा भाग आला तेव्हा म्हणाले, "परत वाच." मग स्वतःच सांगत बसले, नेरूरपारच्या पुलाखाली पाणी देवबागच्या मुखापेक्षा किती उशिरा फिरतं, आणि कांदळवनाच्या कुठल्या वळणावर ओहोटीतही पाणी थबकलेलं असतं. जुन्या मोटरीच्या दोन हंगामांत मी त्यांना हे एकदाही विचारलं नव्हतं. चार्ज किती राहिला एवढंच बघत होते.

तर असं ठरतंय. खाऱ्या पाण्याची, २४ व्होल्ट ८० पौंड, ४२ इंची दांडा, वेग सलग बदलणारी. दोन वल्ही आणि नांगर होडीत कायम राहणार, लाइफ जॅकेट तर आधीपासून आहेतच.

आता एकच शंका उरली. १२ व्होल्टच्या दोन लिथियम बॅटऱ्या एकामागोमाग जोडून २४ करू, की २४ ची एकच घेऊ? दोन घेतल्या तर प्रत्येकी १२ किलो, मला एकटीला एकेक करून घाटावर नेता येतील. एक घेतली तर पंचवीस किलोच्या घरात जाईल.

प्रतिसाद

दोनच घ्या, पण एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या, आणि बनवणाऱ्याने सिरीज जोडणीला लेखी परवानगी दिलेल्या. सगळ्यांचा बीएमएस ते सोसत नाही. जोडायच्या आधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, नाहीतर एक आधी संपेल आणि मोटर मध्येच बंद पडेल. त्यातल्या एकीवरूनच फिश फाइंडर किंवा दिवा जोडू नका, त्यानेही दोघींचा तोल जातो.

धागाकर्ती

समजलं, लेखीच मागून घेते. शनिवारी मागच्या फळीची जाडी मोजून इथे टाकते. ८० पौंडांच्या रेट्याला आतून सागवानी तुकडा लावावा लागेल असं बाबांचं म्हणणं आहे. फोटोही टाकेन, बघून सांगा.