बुटक्या गुलाबाला ऊन किती, माती कोणती?
बुटक्या गुलाबाला दिवसभर कडक ऊन हवंच, असं बरेच जण सांगतात. पुण्या-नाशकाकडं चालत असेल. आमच्या यवतमाळकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तिथं दुपारनंतरचं ऊन अडवलेलंच बरं. मी पश्चिमेला पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची) ताटी उभी करतो, फुकटचं काम. वासाचा गुलाबी गुलाब असेल तर फूल सकाळीच तोडा, उन्हात सुगंध उडून जातो.

मातीचं मात्र कोणी फारसं बोलत नाही. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते अन् मुळं कुजतात. म्हणून रेती, शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच घ्या. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर युरिया ओतू नका. ती लोहाची कमी असते; चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कृषी केंद्रातून चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल असं लोह) आणून फवारा.