आठवीनंतर वाचनालयाकडे न फिरकणारी मुले: इतर देशांत काय स्थिती आहे?

देवघेव खिडकी (प्रश्न)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 'क' वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे आणि गेली सहा वर्षे मी त्याच्या कार्यकारिणीवर आहे. आमच्या बालविभागात पाचवी ते सातवीची मुले हौसेने येतात. आठवीला शिकवणी लागली की पालक अनामत परत मागतात आणि ते मूल देवघेवीच्या खिडकीवर पुन्हा दिसत नाही. यंदा एका देणगीदाराने कुमारवयीन वाचकांसाठी पंचवीस हजार रुपये दिले आहेत. त्यांचा विनियोग ठरवण्यासाठी झालेल्या सभेत ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे पडले की, परदेशातली मुले आगगाडीत, बागेत, जिथे पाहावे तिथे वाचत असतात, कारण लहानपणापासून त्यांच्यापुढे उत्तम तेच ठेवले जाते. तेव्हा आपणही चरित्रे आणि अभिजात कादंबऱ्याच घ्याव्यात. मुलांनी मात्र माझ्याकडे जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, आणि इंग्रजी अद्भुतकथांच्या मालिका मागितल्या आहेत. तिकडची तेरा ते अठरा वर्षांची मुले खरोखर किती आणि काय वाचतात, आणि ती वाचती राहावीत म्हणून कोणी काही जाणीवपूर्वक केले आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आकडेमोड

आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार फारसा मिळणार नाही. अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांचे जे सरकारी मूल्यमापन होते त्यात, स्वतःच्या आनंदासाठी जवळजवळ रोज वाचतो असे सांगणारी मुले २०१२ मध्ये २७ टक्के होती. २०२३ मध्ये ती १४ टक्के झाली. ब्रिटनमध्ये नॅशनल लिटरसी ट्रस्ट ही संस्था २००५ पासून आठ ते अठरा या वयोगटाला विचारत आली आहे की फावल्या वेळात वाचायला आवडते का. तेव्हा होकार देणारी मुले निम्म्याहून किंचित अधिक होती, २०२५ मध्ये तिघांत एकच उरले.

फिनलंडचे नाव आपल्याकडे शिक्षणाच्या प्रत्येक भाषणात येते. २००० सालच्या पहिल्या पिसा चाचणीत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, हा देश वाचनात ५४६ गुणांनी पहिला होता. २०२२ मध्ये त्याचे गुण ४९० झाले. मधल्या काळात, २०१८ च्या डिसेंबरात, हेलसिंकीत संसदेसमोर ओओदी हे देखणे ग्रंथालय उभे राहिले, आणि तरीही उतरण थांबली नाही. त्यामुळे केवळ इमारत आणि पुस्तके पुरतात असे म्हणता येत नाही. याला अपवादही आहे. जर्मनीत बारा ते एकोणीस वर्षांच्या मुलांची १९९८ पासून दरवर्षी पाहणी होते आणि तिथे नियमित पुस्तके वाचणाऱ्यांचे प्रमाण इतकी वर्षे साधारण तीस ते पंचेचाळीस टक्क्यांच्या पट्ट्यातच वरखाली होत राहिले आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. अमेरिकेचा आकडा सवयीचा आहे, ब्रिटनचा आवडीचा आणि फिनलंडचा क्षमतेचा. ते एका तक्त्यात मांडून सभेत फिरवू नयेत. तसे केले तर निराळ्या गोष्टींची एकमेकींशी तुलना केल्याची चूक होईल.

निशिकासाईकर

मी तोक्योच्या एदोगावा भागात अकरा वर्षे राहतो आणि माझी मुलगी इथल्या सरकारी माध्यमिक शाळेत शिकते. आगगाडीत मान खाली घालून बसलेली मुले आजही दिसतात हे खरे. हातात बहुधा फोन असतो आणि फोनवर पुष्कळदा मांगाच असतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जपानकडे आहे असे मला वाटते. चिबा प्रांतातल्या मुलींच्या एका उच्च माध्यमिक शाळेत दोन शिक्षकांनी १९८८ मध्ये सकाळच्या वाचनाचा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो देशभरातल्या हजारो शाळांनी उचलला. पहिल्या तासाआधी दहा मिनिटे वाचायचे, आणि नियम चारच: सगळ्यांनी वाचायचे, रोज वाचायचे, आपल्याला आवडेल ते वाचायचे आणि नुसते वाचायचे. सगळ्यांनी म्हणजे वर्गशिक्षकानेसुद्धा. नुसते म्हणजे त्यावर सारांश, निबंध, प्रश्नोत्तरे काहीही नाही. माझ्या मुलीच्या वर्गात पहिल्या दिवशी मी हे ऐकले तेव्हा 'मग गुण कशावर देणार?' असा प्रश्न माझ्या मनात आलाच, कारण आपली घडणच तशी झाली आहे. २००१ मध्ये मुलांच्या वाचनाला उत्तेजन देणारा कायदाही झाला आणि २३ एप्रिल हा बालवाचन दिन ठरला.

याचा परिणाम प्राथमिक शाळेत ठळक दिसतो. इथे शालेय ग्रंथालय संघटना आणि एक वृत्तपत्र मिळून शाळांची जी वार्षिक पाहणी करतात तीत प्राथमिक शाळेतली मुले महिन्याकाठी वाचत असलेल्या पुस्तकांची सरासरी गेल्या दोन दशकांत चांगली वाढलेली आहे. परंतु उच्च माध्यमिक वर्गांत पोचल्यावर साधारण निम्मी मुले त्या महिन्यात एकही पुस्तक वाचत नाहीत. क्रीडामंडळे, शिकवण्या आणि प्रवेशपरीक्षा यांतून संध्याकाळ उरतच नाही. आपल्या गावातली आठवी इथे दोन-तीन वर्षे उशिरा येते, इतकाच फरक. आणखी गमतीची गोष्ट अशी की या पाहणीत मांगा आणि मासिके पुस्तक म्हणून धरलीच जात नाहीत. म्हणजे जपानी मूल जे सर्वांत आवडीने वाचते ते मोजणीच्या बाहेर राहते. २००७ मध्ये तर इथल्या सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच कादंबऱ्या मुळात मोबाईलवर, बहुतांशी तरुण मुलींनी तरुण मुलींसाठी लिहिलेल्या होत्या, आणि साहित्यवर्तुळाने त्यांच्याकडे पाहून नाके मुरडली होती.

लियोंहून

मांगाचा प्रश्न फ्रान्सने सरकारी खर्चाने सोडवून पाहिला आहे. मे २०२१ पासून इथे 'पास कल्चर' या योजनेत अठरा वर्षांच्या प्रत्येकाला पुस्तके, नाटक, चित्रपट, संगीत यांवर खर्च करण्यासाठी ३०० युरो मिळू लागले. सरकारची अपेक्षा संग्रहालये आणि रंगभूमीची होती. मुलांनी पुस्तकांच्या दुकानांकडे धाव घेतली आणि तिथे मांगाचे गठ्ठे उचलले. वर्तमानपत्रांनी योजनेला 'मांगा पास' असेच नाव ठेवले. दुकानदारांनी काही तक्रार केल्याचे माझ्या कानावर नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मुलांच्या रांगा लागत, आणि दुकानदारबाई प्रत्येकाला पिशवीत आणखी एक पुस्तक सुचवीत. ते काही घेत, काही घेत नसत.

टीका झाली ती निराळ्या मुद्द्यावर, की ज्यांच्या घरी आधीपासून पुस्तके आहेत त्यांनाच योजनेचा अधिक लाभ होतो. २०२५ मध्ये ही रक्कम अठराव्या वर्षासाठी १५० युरोंवर आणली गेली. आपल्या पंचवीस हजारांच्या बाबतीतही हा धोका लक्षात घ्यावा: मागणी नोंदवायला येतात ती मुले आधीच वाचणारी असतात.

फळा-खडू, कोल्हापूर

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. 'आवडेल ते वाचू द्या' याला माझा विरोध नाही, पण मराठीत आवडेल असे त्या वयासाठी आहे किती, हा प्रश्न वर कोणी विचारलेला नाही. राष्ट्रीय पुस्तक न्यासासाठी २००९ मध्ये देशभर झालेल्या पाहणीत तेरा ते पस्तीस वयाच्या साक्षर तरुणांपैकी पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचणारे चौघांत एक निघाले. मात्र विरंगुळ्याच्या वाचनाची भाषा म्हणून हिंदीच्या खालोखाल, १३ टक्क्यांच्या आसपास, मराठी होती, बंगाली आणि इंग्रजीच्याही पुढे. वाचक आहे. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आणि माझे सातवीपर्यंतचे विद्यार्थी ते वाचतातही. त्यानंतरची पायरी मात्र गायब आहे. चौदा वर्षांच्या मुलाला आपण 'किशोर'मधून उचलतो आणि थेट ऐतिहासिक कादंबरीच्या सहाशे पानांत सोडतो. जपानी मुलाला मधल्या वयासाठी खिशात मावणाऱ्या हलक्याफुलक्या कादंबऱ्यांचे आख्खे दालन मिळते. आमचा मुलगा त्या वयात इंग्रजीकडे जातो किंवा वाचनच सोडतो.

एकेकाळी ही जागा रहस्यकथांनी भरून काढली होती. आपल्या कार्यकारिणीतल्या ज्येष्ठांना हळूच विचारून पाहा, बीजगणिताच्या पुस्तकात दडवून त्यांनी काय वाचले होते.

देवघेव खिडकी

सर्वांचे आभार. रहस्यकथांविषयी कालच्या सभेत विचारले. अध्यक्षांनी आधी घसा खाकरला आणि मग तीन मालिकांची नावे क्रमाने सांगितली. रकमेपैकी निम्मी मुलांच्या मागणीवहीवरून खर्चावी असा ठराव झाला आहे. लियोंच्या सभासदांनी दाखवलेला धोका टाळण्यासाठी ती वही खिडकीवर न ठेवता दोन्ही शाळांत आणि एका शिकवणीच्या वर्गात आठवडाभर फिरवणार आहोत. आता अडचण अशी की मांगाची एकेक मालिका वीस-वीस खंडांची निघते. कमी मालिका पूर्ण घ्याव्यात, की अधिक मालिकांचे पहिले तीन-तीन खंड?

निशिकासाईकर

एकच मालिका, पण पूर्ण घ्यावी, आणि पहिल्या खंडाच्या दोन प्रती घ्याव्यात. इथल्या वाचनालयातही पहिला खंड कधीच जागेवर नसतो.