शब्दचर्चा : उपसलेला गाळ अडवणारे खासगी मालकीचे मातीचे धरण

प्रश्न

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या धरणांच्या राष्ट्रीय सूचीवरचा एक लेख मराठीत करते आहे. त्या सूचीत प्रत्येक धरणापुढे प्रकार, मालकी, उद्देश, उंची, साठा असे रकाने असतात. एका नोंदीत प्रकार 'अर्थ' (इंग्रजी earth, म्हणजे माती), मालकी 'प्रायव्हेट' आणि उद्देश 'ड्रेज्ड मटेरियल', म्हणजे पाण्याच्या तळातून यंत्राने काढलेला माल, साठवणे असा आहे. कोश धुंडाळून मी वाक्य केले : 'निकर्षित सामग्री धारण करणारे खाजगी मृत्तिका धरण'. एकही शब्द चूक नाही, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. धरण म्हणावे, बंधारा म्हणावा की बांध? आणि ड्रेजिंगला आपल्याकडे खरोखर काय म्हणतात?

प्रतिसाद १

ताई, 'निकर्षण' सरकारी हिंदीत चालते, मराठीच्या जिभेवर ते बसलेले नाही. आपल्याकडे वाळू उपसा, गाळ उपसा, विहिरीचा उपसा हे शब्द रोजचे आहेत. उपसा सिंचन तर खात्याचाच शब्द. 'उपसलेला गाळ' म्हटले की काम झाले.

'गाळाचे धरण' मात्र लिहू नका. त्याचे तीन अर्थ लागतात : गाळाने बांधलेले, गाळाने भरलेले आणि गाळासाठी बांधलेले. शिवाय २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना गावोगावी माहीत आहे. तिथे गाळ म्हणजे धरणाची अडचण, तो काढून शेतात न्यायचा. तुमच्या नोंदीत धरण बांधले तेच मुळी गाळासाठी. हा फरक पहिल्या वाक्यातच कळायला हवा.

प्रतिसाद २

मी रायगडचा, खाडीकाठचा. आमच्याकडे हाताने काढलेली ती हातपाटीची वाळू आणि यंत्राने काढलेली ती ड्रेझरची. ड्रेझर हा शब्द आता आमचाच झाला आहे. पण ड्रेझर जे वर आणतो ते सगळे गाळ नसते. वाळू, शिंपले, चिकणमाती, दगडगोटे, सगळे एकत्र येते. म्हणून लेखात एकदा तरी 'उपशातून निघालेला गाळ-वाळू' असे यावे, पुढे नुसता गाळ चालेल.

असा माल साठवायची रचना आमच्या खारबंदिस्तीशी, म्हणजे खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या बांधांशी जुळते. सपाट खाजणात (भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनीत) चारी बाजूंनी मातीचा बांध, पाणी जायला उघाडी, म्हणजे दार. आम्ही त्याला कधीच धरण म्हणणार नाही. धरण नदीला आडवे असते. मी 'बांध' सुचवतो.

प्रतिसाद ३

पाटबंधाऱ्यात मातीकामावर नोकरी केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ही वस्तू कशी चालते ते पाहू. बंदराच्या वाटेतला किंवा धक्क्याजवळचा तळ ड्रेझर खरवडतो आणि पाण्यासकट नळातून ढकलतो. नळातून येते ते बहुतेक पाणीच असते, माती त्यात थोडी. हे मिश्रण मातीच्या बांधाने घेरलेल्या मोठ्या वाफ्यात सोडतात. वेग मेला की जड वाळू नळाच्या तोंडाशीच पडते, बारीक माती लांब जाते आणि सावकाश खाली बसते. तांदळाचे धुवण भांड्यात ठेवले की साका बसतो आणि वर निवळ पाणी राहते, तसेच. साका आणि निवळ हे दोन्ही शब्द लेखात वापरा. 'अवसादन' वाचून जे समजत नाही ते 'साका बसतो' म्हटल्यावर समजते.

निवळलेले पाणी दुसऱ्या टोकाला एका पेटीसारख्या सांडव्यातून बाहेर जाते. त्या पेटीत आडव्या फळ्या असतात. साका जसजसा वर चढतो तसतशा फळ्या वाढवायच्या, म्हणजे गढूळ पाणी बाहेर पडत नाही. या फळ्यांना मराठीत शब्द तयार आहे : बरगे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर पावसाळा संपताना बरगे घालतात तेच हे.

पाणी गेले की वर खपली धरते, भेगा पडतात, पण खाली गाळ बराच काळ लिबलिबीतच राहतो. म्हणून कडेने चर मारून पाणी काढत राहतात आणि वाळलेला गाळ उचलून त्याच बांधाची उंची वाढवतात. व्हर्जिनियात नॉरफोकजवळचे क्रेनी आयलंड हे याचे मोठे उदाहरण. १९५० च्या दशकात बांधलेली, सुमारे २,५०० एकरांची ही जागा आहे. ती सरकारी आहे, तुमची नोंद खासगी, पण काम तेच.

आता धरण की बांध. रायगडच्या दादांचे निरीक्षण अगदी बरोबर आहे, तरी माझे मत 'धरण' असेच आहे आणि त्यावर मी ठाम आहे. अमेरिकेची ती सूची ज्या कायद्यातून आली तो ऑगस्ट १९७२ चा. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक खोऱ्यात एका खासगी कोळसा कंपनीने खाणकचऱ्याचा ढीग रचून पाणी अडवले होते ते फुटले. १२५ माणसे गेली, ४,००० हून अधिक बेघर झाली. अडवलेली वस्तू स्वच्छ पाणी आहे की खाणीचा राडा, याने खालच्या वस्तीला काही फरक पडला नाही. तिथल्या सूचीत नदीला आडवे असण्याची अट नाही. उंची किती, साठा किती आणि फुटल्यास काय होईल, एवढेच पाहतात. सपाटीवरचा वेढाही त्या मापात बसला की धरणच.

आपल्याकडे उलट आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात धरण म्हणजे नदी किंवा उपनदीला आडवा घातलेला, पाणी अडवण्या-वळवण्यासाठीचा कृत्रिम अडथळा. पूरबांध, डाइक वगैरे व्याख्येतून वगळलेले आहेत. म्हणजे वाफ्यात गाळ किंवा राख साठवणारा उंच बांध आपल्या कायद्याने धरण ठरत नाही. मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळ सासनला १० एप्रिल २०२० रोजी वीज प्रकल्पाच्या राखेचा बांध फुटला आणि माणसे, त्यात लहान मुलेही, राखेच्या लोंढ्यात गेली. नागपूरजवळ खसाळ्याला जुलै २०२२ मध्ये राखेच्या तलावाचा बांध फुटून शेतांत राख पसरली. 'बांध' म्हटले की शेताचा बांध आठवतो, त्यावरून बैल जातो, गवत कापतात. भीती वाटत नाही. म्हणून अमेरिकेची नोंद मराठीत आणताना तिथला कायदा ज्याला धरण म्हणतो त्याला आपणही धरणच म्हणावे. पुढे रचना वर्णन करताना मात्र 'चारी बाजूंनी घातलेला बांध' असे खुशाल लिहा.

प्रतिसाद ४

मधला मार्ग सुचवू का? खसाळ्याच्या वेळी 'राख बंधारा फुटला' असे वाचल्याचे आठवते. त्याच चालीवर 'गाळबंधारा' सुटसुटीत होईल, शीर्षकात तर शोभेल.

प्रतिसाद ३ लिहिणाऱ्याकडून

शब्द आवडला. पण बंधाऱ्यावरून पाणी सांडून जाणे हे आपल्या मनात गृहीत असते, तो तसाच बांधलेला असतो. मातीच्या भरावावरून पाणी सांडले तर भराव काही तासांत वाहून जातो. पानशेत १९६१, तिवरे २०१९, दोन्ही मातीची. गाळाच्या वाफ्यांना आणखी एक दुखणे असते : ते बहुधा दलदलीच्या, मऊ जमिनीवर असतात, त्यामुळे पायाच खचतो. आम्हांला साइटवर शिकवले होते की पायथ्याशी येणारा पाझर स्वच्छ असेल तर नोंद करा, गढूळ आला तर धावत सुटा. गढूळ पाझर म्हणजे धरणाच्या पोटातली माती निघून चालली. 'गाळबंधारा' शीर्षकात घ्या, पण पहिल्याच परिच्छेदात 'मातीचे धरण' येऊ द्या. आणि 'मृत्तिका' नको. मातीचे धरण हाच आमच्या खात्याचाही शब्द आहे.

प्रश्नकर्ती

खूप आभार, काका. बरगे आणि साका दोन्ही घेतले. आता मालकी. खासगी कंपनीला ड्रेजिंगची गरज का पडते, हे लेखात आले नाही तर वाचक अडखळेल. आणि सूचीत 'हाय हझार्ड' असा शेरा असतो, तो 'अतिधोकादायक' केला आहे. बरोबर?

प्रतिसाद ५

जहाजांच्या वाटेवर काम केले आहे म्हणून मालकीचे सांगते. अमेरिकेत मुख्य जलमार्ग, उदाहरणार्थ ह्यूस्टन शिप चॅनल, सरकार खोल ठेवते. पण त्याच्या काठाला कारखान्यांचे स्वतःचे धक्के आहेत. धक्क्यापुढे जहाज उभे राहते तेवढा भाग उपसायचा खर्च धक्क्याच्या मालकाचा. उपसलेले कुठेतरी टाकायलाच हवे, म्हणून स्वतःच्या जमिनीवर वाफा. त्या सूचीतली निम्म्याहून अधिक धरणे खासगी मालकीची आहेत, तेव्हा यात अपवादात्मक काही नाही.

'खासगी धरण' असे तोडून लिहिले तर खासगी वापरासाठीचे, असा अर्थ निघतो. 'खासगी मालकीचे' हवे. आपल्या खारभूमीच्या नोंदींतही शासकीय योजना आणि खासगी योजना असा भेद आहे, तो मालकीचाच. लेखनात 'खासगी' घ्या, मूळ 'खास' आहे. होळकरांच्या राज्यात दौलत (राज्याचा पैसा) वेगळी आणि खासगी (घराण्याचा स्वतःचा पैसा) वेगळी असे, अहिल्याबाईंच्या घाट-मंदिरांच्या कामांशी हा शब्द जोडलेला आहे. 'खाजगी' बोलण्यात आहे आणि छापतातही, पण एका लेखात दोन रूपे नकोत.

'अतिधोकादायक' मात्र बदला, ही चूक महागात पडेल. तो शेरा धरणाच्या प्रकृतीचा नाही. धरण फुटलेच तर खाली जीवितहानी होण्याची शक्यता आहे, एवढाच त्याचा अर्थ. ठणठणीत धरणालाही तो लागतो. मोडकळीला आलेले, पण खाली ओसाड रान असलेले धरण 'लो' मध्ये असू शकते. 'फुटल्यास जीवितहानीची शक्यता' असे पूर्ण लिहा. जागा कमी असेल तर 'हानीसंभाव्यता : उच्च' करा. धरणाची सद्यःस्थिती सांगणारा रकाना वेगळा असतो, त्याचे भाषांतर 'स्थिती' असे वेगळेच ठेवा.

प्रतिसाद ३ लिहिणाऱ्याकडून

पूर्ण मान्य. तर वाक्य असे जमते : 'खासगी मालकीचे, उपसलेला गाळ साठवण्यासाठी बांधलेले मातीचे धरण'.

साठ्याचा आकडा तिथे एकर-फुटात असेल. १ एकर-फूट म्हणजे सुमारे १,२३३ घनमीटर, आणि साधारण ८१० एकर-फूट म्हणजे १ दलघमी (दशलक्ष घनमीटर). मराठी वाचकाला दलघमी वर्तमानपत्रातून ओळखीचा आहे, तोच द्या. मात्र त्या आकड्याला 'पाणीसाठा' म्हणू नका, नुसते 'साठवण क्षमता' म्हणा, कारण आत पाणी किती आणि बसलेला साका किती हे त्या आकड्यावरून कळत नाही.